बिनआवाजाचं मशीन

४ एप्रिल, शनिवार

गवत पोटरीपर्यंत आलं. घराची किल्ली मिळाली तेव्हा ते घोट्याएवढं होतं आणि मी मोठ्या ऐटीत हिला म्हटलं होतं, "बघ, हिरवा गालिचा." त्या गालिच्यात काल माझी एक चप्पल हरवली. आज सापडली.

आमचा सगळा संसार कंपनीच्या क्वार्टरमध्ये झाला. दोन खोल्या, पुढे सिमेंटचं अंगण, त्यापुढे कारखान्याची भिंत आणि भिंतीपलीकडे अहोरात्र धडधडणारी यंत्रं. जमिनीवर आपोआप काहीतरी उगवतं आणि ते कापावं लागतं, हे कधी डोक्यातच आलं नाही. निवृत्त झालो आणि हिची जन्माची हौस म्हणून हे घर घेतलं. गावाच्या टोकाला, पुढे गवत, मागे गवत, तिन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण. "मला फक्त थोडी शांतता हवी," असं ही वर्षानुवर्षं म्हणायची. म्हटलं, घे शांतता.

आता शांतता इतकी झाली आहे की ही माझ्याशीही बोलेनाशी झाली. अगदीच अबोला नाही. जेवायला वाढते, औषधाची गोळी हातावर ठेवते. पण पूर्वी कशी स्वयंपाकघरातून सारखी टकळी चालू असायची, ती बंद. दिवस दिवस एक शब्द नाही. घर पसंत पडलं नसावं आणि सांगायची सोय नाही, असं काहीतरी आहे. एवढं आयुष्य घालून जे घेतलं त्यातच माणूस मिटून गेलं, तर त्या घराचं मी काय करू?

देखभाल खात्यात पाळी संपली की फिटरने दिवसाची नोंद करायची असते. तो हात अजून शिवशिवतो, म्हणून ही डायरी. आजची नोंद: गवत वाढलं, ही गप्प.

६ एप्रिल, सोमवार

गवत कापायला मी पेट्रोलचं मशीन घेणार होतो. दोरी ओढली की भर्रकन सुरू होणारं. मशीन कसं, चालू आहे हे दहा घरांना कळलं पाहिजे.

हिने मोडता घातला. हल्ली हिची एक नवीनच तऱ्हा आहे. काही सांगायचं असलं की ही समोर येऊन उभी राहते, माझा हात धरते आणि एकेक शब्द सुटा करून बोलते, जसा काही मी शाळेतला ढ मुलगा.

"बॅटरीचं घ्या. बिनआवाजाचं."

"का पण?"

"शेजारची नर्स रात्रपाळी करते. दिवसा झोपलेली असते."

"तिने तक्रार केली?"

"नाही. मीच सांगतेय. बिनआवाजाचंच घ्यायचं. एवढं माझं ऐका."

शेजारणीची एवढी काळजी! ओळख होऊन महिना नाही झाला. घरात नवऱ्याशी दोन शब्द बोलायला जड जातं आणि शेजारणीच्या झोपेसाठी एवढा हट्ट. पण किती दिवसांनी हिने काहीतरी मागितलं, म्हणून हो म्हटलं.

९ एप्रिल, गुरुवार

दोघं दुकानात गेलो. दुकान एका बाईंचं आहे. चुणचुणीत, पण बोलतात तोंडातल्या तोंडात. अर्धं बोलणं माझ्याशी करायचं सोडून हिच्याशीच करत होत्या. मग ही माझ्याकडे वळून मला तेच परत सांगत होती.

एक गोष्ट मात्र नवी कळली. बॅटरी प्रत्येक कंपनीची वेगळी. या कंपनीची बॅटरी त्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. त्यामुळे आज गवताचं मशीन ज्याचं घ्याल, त्याचीच उद्या कुंपण छाटायची कातर, त्याचाच पालापाचोळा उडवायचा पंखा. एकदा घेतलं की जन्मभर त्याच घरी. मी म्हटलं, "म्हणजे लग्नच की हे!" दुकानवाल्या बाई हसल्या. ही हसली नाही. बॅटरीकडे बघत राहिली.

मग बाईंनी एक मशीन बाहेर फरशीवर काढलं. किल्ली खोचली, बटण दाबलं, दांडा आवळला. काही नाही. मी म्हटलं, "बॅटरी उतरली असेल." त्या काहीतरी बोलल्या. मी म्हटलं, "दुसरी घालून बघा." मग त्यांनी माझा हात धरून दांड्यावर ठेवला. दांडा थरथरत होता. चालू होतं!

याला मशीन म्हणायचं? आमच्या खात्यात मला 'डॉक्टर' म्हणायचे. यंत्राच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठलं बेअरिंग गेलंय, कुठला पट्टा सैल झालाय, आतलं सगळं ऐकू येतं. इंजिनियर लोक कागद घेऊन भांडत असताना मी नुसतं बोट ठेवायचो. कानाला लावायचे रबरी टोप कंपनी द्यायची, पण मी ते कधी चढवले नाहीत. कान झाकून डॉक्टरकी कशी होणार? आणि त्या माणसाने असलं मुकं खेळणं घ्यायचं.

घेतलं. रुंद पात्याचं घेणार होतो, पण ते हिला ढकलून बघायचं होतं. हिला जड गेलं, म्हणून मधलं घेतलं. "माझ्या हाताला पण यायला हवं," म्हणाली. वर तीच कातर, तोच पंखा, दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर.

११ एप्रिल, शनिवार

चार्जर सदोष. बॅटरी भरली की तीनदा टुकटुक वाजेल असं पुस्तिकेत छापलं आहे. पूर्ण सकाळ त्याच्यापुढे पाट मांडून बसलो. दिवा हिरवा झाला, टुक नाही.

दारावरची घंटाही खराब आहे. कुरिअरवाला दार ठोठावून ठोठावून खिडकीशी आला आणि हातवारे करायला लागला. नवीन घंटा लावली. तीही तशीच निघाली. हल्लीचा माल.

१५ एप्रिल, बुधवार

चार्जर बदलून आणला. दुसराही मुका. परत गेलो, या वेळी हीही बरोबर आली. दुकानवाल्या बाईंनी तिथेच बॅटरी लावली, दिवा हिरवा झाला आणि बाई माझ्याकडे 'झालं समाधान?' अशा चेहऱ्याने बघायला लागल्या. मी म्हटलं, "वाजलं कुठे?" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती माझ्याकडे बघायला लागली. बाईंनी एकदम आवाज चढवला, "काका, तुम्ही दिव्याकडे बघत जा ना." चूक यांची आणि वर आपल्यावरच डाफरायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंना तोंडाला येईल ते सुनावलं, चार्जर उचलला आणि निघालो.

गवताचं मशीनही तसंच. बॅटरी संपत आली की आधी शिटी देतं म्हणे. काल अर्ध्या पट्ट्यात न सांगता बसलं. घरी आल्यावर हिला तेही सांगितलं, तर ही जवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "एकदा कान दाखवून घेऊ या का?"

मी तडक आत गेलो, जुना स्क्रूड्रायव्हर आणला, गवताचं मशीन पालथं घातलं. पात्याच्या कडेला खडू लावला की ते कुठे घासतं ते कळतं, पण मला त्याचीही गरज नव्हती. मशीन सरळ केलं, चालू केलं, हिला दांडा धरायला लावला, मूठ कानाला लावली. आतली मोटर स्वच्छ ऐकू येत होती. डावं मागचं चाक उचलून फिरवलं तर त्याचं बेअरिंग किंचित घासतंय तेसुद्धा. हिला म्हटलं, "सांग आता, कोणाचा कान दाखवायचा?"

ही दांडा धरून उभी राहिली. मग म्हणाली, "असू दे." चहा ठेवायला आत गेली. परत गप्प.

१९ एप्रिल, रविवार

आज पंख्याने घात केला. पालापाचोळा उडवायच्या त्या पंख्याला एक कळ आहे. ती सरकवली की बटण दाबून धरावं लागत नाही, तो आपला चालूच राहतो. मी पायऱ्या साफ केल्या, पंखा पायरीवर ठेवला, पाणी प्यायला आत आलो आणि वर्तमानपत्र दिसलं म्हणून बसलो. बाहेर तो बेटा चालूच! हिने कुंड्यांमध्ये रोपं लावली होती, बोटभर उंचीची, फार जपून. सगळी आडवी. माती भिंतभर. दोरीवरचे कपडे कुंपणावर. बटण आपोआप परत यायला नको? असली रचना करणाऱ्याला आमच्या खात्यात दोन दिवस ठेवला असता तर सुधारला असता.

ही बाजारातून आली तेव्हा मी वर्तमानपत्रच वाचत होतो. बाहेर जाऊन बघतो तर ही पंखा मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती आणि पदराने डोळे पुसत होती. धूळ गेली असणार. मी म्हटलं, "अगं, रोपं काय, दुसरी आणू." तिने मान हलवली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती राहते लांब, आणि फोनवर असं पुटपुटते की समजेल तर शपथ. 'हो हो, ठीक आहे' म्हणत राहिलो. मग तिच्या बोलण्यात एकदम खंड पडला, म्हणून फोन हिच्याकडे दिला. ही फोन घेऊन मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ बोलत होती. म्हणजे हिला बोलता येतं. माझ्याशीच काय वैर आहे?

मनातली गोष्ट लिहून टाकतो. मला भीती वाटते की ही मला कंटाळली. इतकी वर्षं मी पाळ्या करत होतो, आम्ही चोवीस तास एकमेकांसमोर कधी नव्हतोच. आता आहोत, आणि हिच्यापाशी बोलायला काही नाही. कदाचित कधीच नव्हतं आणि कारखान्याच्या आवाजात ते लक्षात आलं नाही.

आणखी एक. इथे पाखरं खूप आहेत, पण मुकी. कुंपणावर बसतात, चोच उघडतात, मिटतात. जागाच अशी आहे वाटतं.

२३ एप्रिल, गुरुवार

मशीन आता हाताला बसलं. सकाळी पुढचं अंगण कापलं, सरळ पट्टे, एक उजळ, एक गडद. डाव्या चाकात तेल घातलं. खरं सांगायचं तर मशीन वाईट नाही. तारेचं लोढणं नाही, धूर नाही, वास नाही. कुंपणाची कातरही छान चालते.

शेजारची नर्स कामावर निघताना भेटली. थकलेली मुलगी, पण माणूस चांगली. जवळ येऊन म्हणाली, "काका, तुम्ही गवत कापता ते मला उठल्यावर खिडकीतून दिसतं तेव्हाच कळतं. झोपेत कधी पत्ता लागत नाही." बरं वाटलं. बिनआवाजाचं मशीन घेतल्याचं कोणीतरी चीज केलं.

ही मात्र विचित्र वागायला लागली आहे. मी मागचं गवत कापत होतो तर ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तोंड हलवत होती. गाणं म्हणत असावी. मी हात केला. तिने हात केला नाही, दोन पायऱ्या उतरली, परत तोंड हलवलं. मी वळलो, पट्टा पुरा केला, परत आलो तर ही गवतात येऊन उभी. माझ्यापासून चार हातांवर. म्हटलं, "काय गं?" म्हणाली, "काही नाही. बघत होते." आणि चेहरा असा, जसं काही हिचं काहीतरी हरवलंय. मग हातातलं फडकं पिळत आत गेली. मी पात्याची उंची एक खाच खाली केली आणि कडा साफ केल्या.

२६ एप्रिल, रविवार

ही पडली. घोटा मोडला. दवाखान्यात आहे. आज लिहिवत नाही.

२७ एप्रिल, सोमवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी मी मागच्या कोठीच्या पलीकडची पट्टी कापायला घेतली. तिथून मागच्या पायऱ्या दिसत नाहीत, कोठीची भिंत आड येते. पण अंतर फार नाही. घरातून कोणी भांडं आपटलं तर तिथे कळावं, इतकंच.

ही मागच्या दाराचा पडदा काढायला स्टुलावर चढली. स्टूल पायरीच्या कडेला होतं. ते निसटलं, ही पायऱ्यांवरून खाली आली आणि पाय अंगाखाली आला. उठता येईना.

मी गवत कापत होतो. लिहायला लाज वाटते, पण मी मजेत होतो. मनात म्हणत होतो, काय सुंदर शांत मशीन आहे. पट्टी पुरी केली. कोपऱ्यातलं उरलं होतं ते कापलं. गवताची पेटी भरली होती ती रिकामी केली. परत लावली. पुन्हा सुरू केलं.

मग कुंपण हललं. मी नीट छाटलेल्या झुडपांतून ती शेजारची नर्स आत घुसत होती, अनवाणी, रात्रीच्या कपड्यांत, केस मोकळे, हाताला ओरखडे. मला वाटलं, झोपमोड झाली म्हणून तक्रार घेऊन आली. मी मनात उत्तरही तयार केलं, की बाई, यापेक्षा शांत मशीन बाजारात मिळत नाही. ती माझ्यापर्यंत आली, वाकून मशीनची किल्ली उपटली आणि माझ्या दंडाला धरून ओढायला लागली.

कोठीच्या कडेवरून वळलो तर ही पायरीच्या पायथ्याशी पडलेली. चेहरा पांढरा. तोंड उघडं. ओठ कोरडे पडलेले.

नर्सनेच सगळं केलं. पायाला फळी बांधली, गाडी बोलावली. मी हिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो आणि तेच ते विचारत होतो, "मला हाक का नाही मारलीस?"

दवाखान्याच्या व्हरांड्यात नर्स माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि तोंड माझ्याकडे करून, सावकाश बोलली. ही जशी बोलते तशीच.

"काका, मी खिडकी लावून झोपते. कानात कापसाचे बोळे घालते. तरी मला जाग आली. काकू आधी 'अहो, अहो' करत होत्या. मला वाटलं, घरातलं काहीतरी असेल. मग त्या तुमचं नाव घेऊन ओरडायला लागल्या. तेव्हा मी उठले."

माझं नाव. हिने लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेही लाजून. त्यानंतर आयुष्यभर 'अहो'. कागदावर लिहायची वेळ आली तरी पेन माझ्याकडे द्यायची. ते नाव हिने भर अंगणात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून घेतलं.

पेट्रोलचं मशीन असतं तर मला म्हणता आलं असतं की त्या आवाजात काय ऐकू येणार. कोणीही मान्य केलं असतं. मीसुद्धा.

२९ एप्रिल, बुधवार

लेक आली. ही प्लास्टर घेऊन घरी आली. बाहेरच्या खोलीत पलंग टाकला आहे.

लेक स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून भाजी चिरत होती. काहीतरी कामाला लागावं म्हणून मी बॅटरी चार्जरला लावली आणि टेबलाशी बसून राहिलो. दिव्याकडे बघत. बराच वेळ तांबडा. मग हिरवा झाला.

आणि त्याच क्षणी लेकीने मान वळवली. सुरी हातात, आधी चार्जरकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "झाली वाटतं चार्ज."

तिने दिवा बघितला नव्हता. तिची पाठ होती.

मी बॅटरी काढली आणि परत लावली. भरलेलीच होती, लगेच हिरवा दिवा. लेकीचा खांदा परत किंचित हलला. परत काढली, परत लावली. चौथ्या वेळी ती वळली, माझा चेहरा बघितला, सुरी खाली ठेवली आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मला पोरीसमोर रडायचं नव्हतं, पण रडलो. दोन चार्जर परत नेले होते मी. दुकानात त्या बाईंना वाटेल ते बोललो होतो.

हिच्या पलंगाशी जाऊन बसलो. म्हटलं, "कधीपासून?"

"क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासून. तिथे मोठ्याने बोलायची सवयच होती सगळ्यांना. इथे आलो आणि उघडं पडलं. मी बोलायचे, तुम्ही बघायचाही नाहीत. दमले मी. मग समोर आल्याशिवाय बोलणंच सोडून दिलं."

"सांगायचं होतंस."

"सांगितलं की. तुम्ही स्क्रूड्रायव्हर आणलात."

मग हीच म्हणाली,

"ते बॅटरीचं मशीन मी त्या नर्ससाठी घ्यायला लावलं नव्हतं हो. मला भीती वाटायची. इथे आपण दोघंच. काही झालं तर हाक तुम्हालाच मारायची ना? म्हटलं, निदान मशीन तरी गप्प असू दे. मग माझी हाक पोचेल." ती प्लास्टरवरच्या चादरीची घडी सारखी करत राहिली. "रोज दारातून हाक मारून बघायचे. कुठवर पोचते ते."

म्हणजे ती गाणं म्हणत नव्हती.

२ मे, शनिवार

कान दाखवले. लेक बरोबर होती.

एक काचेची खोली असते. आत बसायचं, कानांना टोप लावायचे आणि हातात एक बटण. बारीकशी शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी बाई. आधी जाड आवाज आले, भोंग्यासारखे. ते मी टपाटप दाबले. म्हटलं, एवढं काही बिघडलेलं नाही. मग आवाज थांबले.

मी वाट बघत बसलो. बाईंची कागदपत्रं आवरायची असतील, असं वाटलं. त्या मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या, खाली काहीतरी दाबत होत्या, लिहीत होत्या. मी पाठ ताठ केली, अंगठा बटणावर तयार ठेवला. शेवटी कंटाळून काचेवर टकटक केलं आणि म्हटलं, "ताई, पुढचं सुरू करा ना."

त्यांनी दार उघडलं. माझ्या कानांवरचे टोप काढले. मग वाकून, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "काका, झालं सगळं."

त्या सगळा वेळ शिट्या वाजवत होत्या. आणि मी अंगठा रोखून बसलो होतो.

कागदावर रेघ काढून दाखवली. सुरुवातीला बरी आहे, मग कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. बायकांचे आवाज, पाखरं, घंटा, टुकटुक, सगळं त्या कड्याखाली. वर्षानुवर्षांच्या कारखान्याच्या आवाजाने होतं म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही. यंत्र लावून जेवढं उचलता येईल तेवढं उचलायचं. यंत्र यायला वेळ आहे. ते बॅटरीवर चालतं, त्याचा वेगळा चार्जर असतो, आणि बॅटरी संपत आली की ते कानात वाजून सांगतं. लेक हसली. मीही हसलो.

स्क्रूड्रायव्हरने आतलं सगळं ऐकू यायचं, याची मला केवढी घमेंड. टेकवल्यावर ऐकू येणारच. घरात माणूस दहा हातांवरून बोलत होतं, त्याचं काय?

६ मे, बुधवार

दुकानात जाऊन आलो. बाईंना म्हटलं, "चार्जर वाजतो. माझंच चुकलं होतं." त्या म्हणाल्या, "काका, मला कळलं होतं. पण काकूंनी खुणेने गप्प राहायला सांगितलं."

तेव्हा ही मागे उभी राहून खुणा करत होती आणि मी पुढे उभा राहून दुकान डोक्यावर घेत होतो. बाई मोठ्या मनाच्या. चहा दिला.

१० मे, रविवार

लेक काल गेली. आज घरात आम्ही दोघंच, पडल्यानंतर पहिल्यांदा. सकाळपासून माझं कशात लक्ष लागेना. मी न्हाणीघरात गेलो आणि हिला काही झालं तर? मी कोठीत गेलो तर? दर थोड्या वेळाने येऊन बघत होतो. शेवटी ही वैतागली. "मी कुठे पळून जाणार आहे का? गवत बघा किती वाढलंय. कापा जा."

"तू आत, मी बाहेर? नाही कापत."

मग तोड काढली. हिला आरामखुर्चीसकट मागच्या अंगणात आणलं, पाय स्टुलावर. तेच स्टूल. हातात तांबडं फडकं दिलं. म्हटलं, "काही लागलं तर हे हलवायचं. मी दर वळणावर बघेन." आणि पट्टे आडवे न घेता उभे घेतले, म्हणजे एक पट्टा तिच्याकडे तोंड करून येतो. जाताना मात्र पाठ होते. जाताना मी घाईने चालत होतो. पट्टे वाकडे आले. येऊ देत.

अर्धं अंगण झालं असेल. वळलो तर फडकं तिच्या मांडीवर तसंच पडलेलं आणि तिचे ओठ हलत होते. मी दांडा सोडला. मशीन थांबलं, किंवा थांबलं असावं. किल्ली काढून खिशात टाकली आणि तिच्यापाशी गेलो.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

"काहीतरी म्हणालीस. मी बघितलं."

"काही नाही हो. उगीच. हाक मारून बघत होते."

"'अहो' म्हणालीस?"

ती शेजारच्या खिडकीकडे बघायला लागली. खिडकी बंद होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तिच्या, या वयात. मला कळलं, 'अहो' नव्हतं.

"नाव घेतलंस?"

"हळू बोला. ती झोपली असेल."

मी गवतात बसलो, तिच्या खुर्चीला टेकून. हिरवे तुकडे सगळ्या विजारीला चिकटले. त्यातल्या त्यात बरा म्हणून डावा कान तिच्याकडे केला आणि म्हटलं, "परत घे."

"इश्श. काहीतरीच."

"त्या दिवशी सगळ्या गल्लीने ऐकलं. मीच तेवढा राहिलो. घे परत."

कुंपणावर दोन पाखरं येऊन बसली, त्यांनी चोची उघडल्या, मिटल्या. मग तिचा हात माझ्या डोक्यावर आला, ती पुढे वाकली आणि कानाशी तोंड आणून तिने नाव घेतलं.

अर्धं ऐकू आलं. बाकीचं मला माहीत होतं.